उभ्या डब्यावर छप्पर: पेडण्यातल्या रेल्वे डब्याच्या कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

मोडीत निघालेला एक रेल्वे डबा गोव्यात, आमच्या पेडण्याच्या जमिनीवर आणून त्यात पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या आहेत. त्याची जागा पक्की झाली. काजूच्या भाटाच्या, म्हणजे बागेच्या, वरच्या अंगाला एक पट्टी आहे, तिथे जांभा जवळजवळ उघडाच पडलाय. माती वीतभरसुद्धा नाही, काजू कधी धरलाच नाही. त्यामुळे एकही झाड पाडावं लागणार नाही. आज चुन्याने आखणी केली. आयसीएफच्या (चेन्नईचा रेल्वेचा डबे कारखाना) डब्याचं माप ठरलेलं असतं: एका टोकाच्या बफरपासून (धक्का सोसणारा दांडा) दुसऱ्या टोकाच्या बफरपर्यंत २२.२९७ मीटर, रुंदी ३.२४५ मीटर.

दादाला डबा उत्तर-दक्षिण हवा होता, म्हणजे सगळ्या खिडक्यांतून उतारावरचं काजूचं भाट दिसलं असतं. मी पूर्व-पश्चिम धरून बसले. लांब बाजू पश्चिमेला आली की दुपारी तीननंतरचं ऊन अख्ख्या अंगावर येतं, आणि पावसाळ्यात समुद्राकडून येणारा मारासुद्धा त्याच अंगाला. पूर्व-पश्चिम ठेवला की पश्चिमेला डब्याचं फक्त तोंड येतं. संध्याकाळी आखणीत उभं राहून दोघांनी ऊन बघितलं, मग दादा कबूल झाला.

कागदांचं असं: तुकडा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यात आहे, एक-चौदाच्या (गोव्यातला सातबारा) उताऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत आणि बिगरशेती वापराची सनद दादाने घराच्या वेळीच काढून ठेवली होती. ‘चाकांवरची वस्तू आहे, परवानगी कशाला?’ असं सांगणारे बरेच भेटतात. डबा एकदा जागेवर बसला, त्याला नळ, वीज आणि सांडपाण्याची टाकी जोडली, की ते घरच झालं. त्यामुळे पंचायत आणि नगरनियोजन खात्याकडे आम्ही बांधकाम म्हणूनच अर्ज करतो आहोत. पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या १९८२ च्या कायद्याखालची नोंद काम पूर्ण होत आल्यावर.

२८ नोव्हेंबर

काकांना घेऊन हुबळीला डबे बघून आले. काकांचं सगळं आयुष्य तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेलं. निवृत्त झाले तरी पिशवीत लहान हातोडी असतेच.

बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात, फिकट निळे आणि धुळकट. काका रंगाकडे बघतही नाहीत. ते सरळ शौचालयाच्या खाली वाकतात. डबा सडतो तो तिथून. वर्षानुवर्षं पाणी, मूत्र, फिनेल त्याच कोपऱ्यात झिरपतं. दुसरी जागा दरवाज्याचा उंबरा, तिसरी बॅटरीच्या पेटीच्या वरचा भाग. डब्याच्या दोन्ही कडांनी लांबच लांब जाणारी जी तुळई असते तिला सोल बार म्हणतात. बाजूचा पत्रा तिच्याकडे आत वळतो ते टर्न-अंडर. या दोघांच्या खोबणीत पाणी साचू नये म्हणून भोकं ठेवलेली असतात. ती भोकं धुळीने बुजली की आतल्या आत पत्रा खाल्ला जातो. बाजूचा पत्रा मुळात २ मिलिमीटरचा. काका हातोडी टकटकवत गेले आणि आवाज बदलला तिथे खडूने फुली मारत गेले. मी मागून जाडी मोजायचं यंत्र लावत होते. फुल्या आणि आकडे जुळत होते.

पसंत पडला तो तीन टियरचा स्लीपर, बिनवातानुकूलित, ७२ बर्थचा. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ९४, म्हणजे १९९४ ची बांधणी. दोन शौचालयांखालचा पत्रा गेलेला आहे, पण सोल बार शाबूत. ‘हाडं चांगली आहेत,’ काका म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शिफारस मिळत नाही.

जर्मन रचनेचे नवे एलएचबी डबे स्टेनलेस स्टीलचे, ते गंजायचे नाहीत, मग तेच का नाही, असं दादाने विचारलं. ते मोडीत निघायला अजून वेळ आहे. आयसीएफच्या कारखान्यातून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला. आता गाड्यांना एलएचबी जोडत आहेत तसतसे हे जुने डबे मोडीत निघतायत. ज्या डब्यांतून आम्ही सगळे मुंबई-पुण्याला गेलो-आलो, ते पुढच्या काही वर्षांत वितळून सळया होतील. त्यातला एक तरी अंगणात राहावा, ही या कामामागची साधी इच्छा.

५ डिसेंबर

ई-लिलावात डबा मिळाला. रेल्वेचं भंगार आयआरईपीएसच्या संकेतस्थळावरून विकलं जातं, बोली लावायला आधी नोंदणी आणि अनामत लागते. बोलीवर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो आधीच हिशेबात धरावा. लॉटचं वर्णन शब्द न् शब्द वाचावं: डबा जागेवर कापून न्यायचा की अखंड उचलता येईल, बोगी (डबा ज्यावर बसतो तो चाकांचा सांगाडा) आणि चाकं लॉटमध्ये आहेत की रेल्वे ठेवून घेणार, उचलायची मुदत किती. आमच्या लॉटमध्ये बोगी होत्या म्हणूनच बोली लावली.

३ जानेवारी २०२५

इतरांनी काय केलं ते वाचते आहे. इंग्लंडमध्ये एलएनईआर या रेल्वे कंपनीने १९३३ साली जुने डबे गावोगावच्या स्टेशनांवर बाजूच्या रुळांवर लावून सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. बाकीच्या कंपन्या लगेच मागे आल्या. झोपायला, स्वयंपाकाला डबा, पाणी आणायचं स्टेशनवरून. तिथली अडचण थंडीची, डबा उबदार कसा ठेवायचा ही. आपल्याकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात २०२१ पासून डब्यातलं रेस्टॉरंट चालू आहे. ते बघितलंय. डबा छान सजवलाय, एसी दिवसभर चालतो, माणूस तासभर बसतो आणि जातो. आमच्याकडे माणूस रात्रभर झोपणार, जुलैतसुद्धा. दोन्हींकडून घ्यायला थोडंच मिळालं. गोव्याच्या पावसात उभ्या डब्याचं काय होतं ते आम्हालाच बघावं लागणार.

२१ जानेवारी

रूळ बसले. खडीचा थर, त्यावर सिमेंटचे स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे), त्यावर ५२ किलोचे रूळ (एक मीटर रुळाचं वजन ५२ किलो). डबा कुठेही जाणार नाही, मग खडी कशाला, सिमेंटचा कोबाच घाला, असं कंत्राटदाराचं म्हणणं होतं. खडी ठेवली ती पाण्यासाठी. डब्याखाली पाणी क्षणभरही थांबता कामा नये. जांभ्याला दक्षिणेकडे हलका उतार काढून घेतला आणि कडेने चिऱ्यांचं गटार बांधलं.

९ फेब्रुवारी

डबा पोचला. काल रात्री झोप कोणालाच नाही.

मार्गाचा विचार महिनाभर चालला होता. चोर्ला किंवा अनमोडचा घाट एवढ्या लांब ट्रेलरला शक्यच नाही, वळणावर मागचं टोक दरीत लटकेल. म्हणून हुबळी, येल्लापूर, अंकोला, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने कारवार, पोळे करत गोव्यात. खनिजाचे ट्रक वर्षानुवर्षं याच रस्त्याने बंदराकडे उतरलेत, त्यामुळे आर्बैलचा घाट रुंद आहे. रस्त्यावरच्या वाहनाला २.६ मीटर रुंदीची मर्यादा असते, डबा ३.२४५, म्हणजे जादा मापाच्या मालाची परवानगी आणि पुढे-मागे पायलट गाडी. डब्याचं वजन सुमारे ३७ टन. बोगी काढून वेगळ्या ट्रकवर घातल्या की प्रत्येकी ६ टनांनी हलका.

सगळ्यात धास्ती करमल घाटाची होती. काणकोण सोडलं की बाळ्ळीपर्यंत ती जंगलातली वळणं. मागचे धुरे वळवता येणारा ट्रेलर घेतला होता तो याच्यासाठी. मागे एक माणूस हातात रिमोट घेऊन चालत होता, पुढे ड्रायव्हर, आणि दोघांमध्ये वॉकीटॉकीवर अखंड कन्नडमधून बोलणं. एका वळणावर सागाची फांदी छताला घासत गेली, बाकी ओरखडा नाही. मडगावला पश्चिमेचा बगल रस्ता, मग झुआरीचा नवा पूल. पहाटे पर्वरी ओलांडली, कोलवाळचा पूल उतरलो आणि उजाडताना गावात शिरलो. गावातल्या शेवटच्या टप्प्यात वीजखात्याच्या लाइनमनने दोन ठिकाणी तारा बांबूने उचलून धरल्या. त्या माणसाचे उपकार आहेत.

आधी बोगी रुळांवर ठेवल्या, मग दोन क्रेननी दोन्ही टोकांनी डबा उचलून वर आणला. डब्याखालचा पिव्होट, म्हणजे बोगी ज्याभोवती वळते तो खुंटा, बोगीच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. काका बोगीशी गुडघे टेकून बसले होते, हाताने खुणा करत होते, तोंडाने एक शब्द नाही. बसला.

आजी बाहेर येऊन बघत होती. दक्षिण गोव्याला रेल्वे एकोणिसाव्या शतकातच आली, मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत, पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांच्या १८७८ च्या करारातून. आमच्या पेडण्याने गाडी बघितली ती थेट कोकण रेल्वेची. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा आजी गाडी बघायला मळेवाटेने चालत गेली होती. आज गाडीच दारात आली.

४ मार्च

आतली तोडणी. बर्थ, पंखे, सामानाचे रॅक, जाळ्या, सगळं क्रमांक घालून उतरवलं. यातलं बरंच परत लागणार आहे.

तोडायच्या आधी दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवले होते. एके काळी डब्यांच्या पत्र्याला आतून अ‍ॅस्बेस्टॉस फवारत असत. ते हवेत उडून श्वासातून गेलं तर फुप्फुसाचं कायमचं नुकसान. आमच्यात काचेची लोकर निघाली, तरी ती काढणाऱ्या पोरांना पूर्ण कपडे आणि मास्क सक्तीचे केले. दुसरा नमुना रंगाचा. जुन्या रंगात शिसं असतं, त्यात होतंच. म्हणून कोरडं घासणं बंद, ओलं करून खरवडायचं, खाली ताडपत्री, खरवड पिंपात सीलबंद. जो कोणी जुना डबा घेईल त्याने हे दोन नमुने आधी तपासावेत. कामगारांच्या जिवापेक्षा वेळ महत्त्वाचा नाही.

खरवडताना थर दिसले. वर फिकट निळा, त्याखाली गडद निळा, आणि अगदी तळाशी तांबूस मातकट लाल. काका सांगतात, निर्वात ब्रेकचे डबे लाल असत, हवेच्या दाबाचे ब्रेक आले तसा निळा आला. तो लाल हुबेहूब आमच्या जांभ्याचा. बाहेरचा रंग तोच राहील.

१७ मार्च

शिगमो. शिवाय काजूचा हंगाम, घरोघरी बोंडू गोळा करायला माणसं हवीत. काम बंद.

२ एप्रिल

आजची नोंद मोठी आहे, कारण सगळं काम ज्यावर उभं राहणार तो निर्णय आज झाला.

दुपारी दोन वाजता छताच्या पत्र्यावर तापमापक धरला: ६१ अंश. आत, खिडक्या उघड्या असूनही, ४१. अंगणात सावलीत ३४ होतं. या डब्यात मी आयुष्यभर प्रवास केलाय, एप्रिल-मेमध्येही, पण असा भाजून निघणारा डबा आठवत नाही. गाडी स्टेशनाबाहेर सिग्नलला थांबली की मात्र आठवतो. हा डबा धावण्यासाठी बांधलाय. छतावरचे व्हेंटिलेटर वाऱ्याच्या जोराने आतली गरम हवा ओढून घेतात, खिडक्यांतून वारा आरपार जातो, पत्र्यावरचं पाणी वेगाने मागे उडून जातं. डबा उभा केला की हे सगळं थांबतं. ऊन छतावर बसून राहतं, पाणी सांध्यात बसून राहतं.

बहुतेकांचा उपाय असा: व्हेंटिलेटर वेल्डिंगने बंद करा, खिडक्यांना फिक्स काच लावा, आत जाड इन्सुलेशन भरा, मोठा एसी लावा. म्हणजे डबा पूर्ण बंद पेटी. वीज गेली (आणि आमच्याकडे जूनमध्ये जातेच) की त्या पेटीत माणूस घटकाभर बसू शकणार नाही. आणि पावसाळ्यात पत्र्यावर थेट मारा चालूच.

मी ठरवलंय की डब्यावर वेगळं छप्पर घालायचं. डब्याला कुठेही न टेकणारं, स्वतःच्या खांबांवर उभं, मंगलोरी कौलांचं, चारी बाजूंनी दीड मीटर पुढे आलेलं. डबा आणि छप्पर यांच्यामध्ये माणूस वाकून जाऊ शकेल एवढी मोकळी जागा, कारण काजूचा पालापाचोळा साफ करायला कोणीतरी वर जाणारच. ऊन कौलांवर पडेल, मधल्या जागेतून हवा वाहील, डब्याचं छत सावलीत राहील. पाऊस डब्याला शिवणारच नाही, म्हणजे व्हेंटिलेटर उघडे ठेवता येतील आणि पावसातही खिडकी वर करून बसता येईल. छप्पर स्टेशनच्या फलाटावर असतं तसंच दिसेल, तेही शोभेल.

दादाने खर्च बघून कपाळाला हात लावला. डब्याच्या खालोखाल सगळ्यात मोठा खर्च हाच. पण आतल्या प्रत्येक गोष्टीचं आयुष्य यावर अवलंबून आहे. सनमायका पुढच्या वर्षी बदलता येतो, सडलेला सोल बार बदलता येत नाही. माझा हट्ट एवढाच आहे की पैसा आधी छपरात जावा, सजावटीत नंतर.

पत्र्याऐवजी कौलं का, तर आवाजासाठी. पत्र्यावर गोव्याचा पाऊस पडला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

१९ एप्रिल

दोन्ही टोकांना शौचालयांखालचा कुजलेला पत्रा आणि ट्रफ फ्लोअर, म्हणजे जमिनीखालचा नालीदार पत्रा, कापून नवीन घातला. वेल्डर कुडचड्याचा, खाणींची यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. तो पत्र्याला पत्रा नुसता चिकटवत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापत जातो. ‘ताई, सडक्यावर शिवण घातली तर शिवणीपाशीच परत फाटणार.’ सोल बारची सगळी भोकं उघडली, वाढवली.

रंगाआधी ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक खर मारून गंज काढणं. मग झिंकचा इपॉक्सी प्रायमर, मधला इपॉक्सी थर, वर पॉलियुरेथेन. रंगाचा नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) किमान ३ अंश वर हवं. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो आणि वर्षात फोड येतात. सकाळी दहाच्या आधी हे जमत नाही. दहा ते तीन एवढीच वेळ मिळते. रंगारी कुरकुरतात, पण मी तापमापक घेऊन उभी राहते. समुद्र हवाई अंतराने फार लांब नाही, म्हणून प्रत्येक थराआधी गोड्या पाण्याने पुसून मीठ काढतो.

११ मे

वीज. डब्याची मूळची ११० व्होल्टची वायरिंग पूर्ण काढली. अख्खी वस्तू लोखंडाची, एखादी वायर सोलली गेली तर सगळा डबा जिवंत होईल. म्हणून अर्थिंगमध्ये कसलीही तडजोड नाही. जांभा मे महिन्यात हाडासारखा कोरडा असतो, वीज मुरत नाही. चाचणी मुद्दाम आत्ताच घेतली, पावसाळ्यात घेतली असती तर आकडा खोटा चांगला आला असता. दोन खड्डे खोल खणून बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं, तिसरा विहिरीच्या बाजूला ओलीत काढला, तेव्हा माप समाधानकारक आलं. डबा, बोगी, रूळ आणि छपराचे खांब जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडले. प्रत्येक खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वेगळा.

२६ मे

नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस यंदा मे महिन्यातच आला. परवा केरळात, आज मुंबईत, आमच्याकडे धो धो. उत्तरेकडच्या पाखीची कौलं परवा संध्याकाळी लागली. दक्षिणेकडचा तिसरा भाग अजून उघडा, त्यावर ताडपत्री. सगळ्यांनी मिळून भिजत दोर बांधले. आजीसुद्धा छत्री घेऊन बाहेर, सूचना देत.

एक उचलायचं यंत्र भाड्याने ठरवलं होतं ते ऐन वेळी आलंच नाही, फोनही उचलला नाही. शेवटी कौलं माणसांनी साखळी करून वर चढवली.

१८ जून

छप्पर पूर्ण. गेले दहा दिवस पाऊस थांबलेला नाही आणि डब्याचं छत कोरडं आहे. वर जाऊन हात फिरवून बघितला. पश्चिमेच्या टोकाला मात्र वाऱ्याबरोबर फवारा आत येतो. तिथे बांबूच्या तट्ट्या लावल्या, दिवाळीनंतर काढून ठेवता येतील अशा. गटार वाहतं आहे, खडीत पाणी थांबत नाही. छपराचं पाणी पन्हाळीने विहिरीच्या वरच्या चरात सोडलंय.

डब्याखाली बोगीच्या सावलीत फुरसं निघालं. जांभ्याच्या सड्यावर ते असायचंच. दगडांच्या फटी सिमेंटने भरल्या, डब्याखाली लाकूड-काठ्या ठेवायला सगळ्यांना मनाई.

८ जुलै

घाम. डब्याला पावसाळ्यात घाम येतो, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय आत प्लायवूड ठोकू नये.

जुलैत आमच्याकडे हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. एसी २० वर लावला की आतलं अस्तर थंड होतं, आणि बाहेरची दमट हवा फटींतून अस्तराच्या मागे शिरली की तिथे, डोळ्याआड, थेंब धरतात. प्लायवूड मागून काळा पडतो आणि पाहुण्यांना वास येतो तो सहा महिन्यांनी. नुसती काचेची लोकर भरली तर ती ते पाणी पिऊन बसते.

म्हणून पत्र्याला आतून थेट चिकटणारा नायट्राइल रबराचा फोम लावतोय, १९ मिलिमीटरचा, फासळ्यांवरूनसुद्धा गुंडाळून, सांधे टेपने बंद. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये हवेला जागाच नाही. अस्तर फासळ्यांना थेट न ठोकता मध्ये लाकडी पट्टी. एसीचा रिमोट २५ च्या खाली जाणार नाही अशी सोय केलीय. व्हेंटिलेटरना आतून गॅस्केटची सरकती झाकणं: एसी चालू तेव्हा बंद, एरवी उघडी.

छपराचा आणखी एक फायदा थंडीत दिसेल. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरतं, बाहेरून आणि आतूनही. वर कौलं असली की ते टळतं.

८ सप्टेंबर

चवथ आटोपून मेस्त परत आले. आतली मांडणी आता दिसायला लागली आहे.

स्लीपरच्या डब्यात नऊ खण असतात. चार-चार खणांच्या दोन खोल्या केल्या. मधला नववा खण दोन्हींच्या मध्ये कपाट, विजेचं पॅनल आणि पाण्याच्या गरम टाक्या यांच्यासाठी ठेवला. त्यामुळे एका खोलीतलं लहान मूल रडलं तरी दुसऱ्या खोलीत झोप मोडत नाही. दोन्ही टोकांना समोरासमोरची दोन-दोन शौचालयं होती, ती मधल्या वाटेसकट एक करून प्रत्येकी एक ऐसपैस न्हाणीघर झालं. दरवाजे पूर्वीचेच. जमिनीचा फुगलेला जुना बोर्ड काढून मरीन प्लाय. नळ आणि मैल्याचे पाइप डब्याच्या पोटाखालून, जागा भरपूर, कुठेही पोचता येतं. मैल्याची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठे जाऊन निघेल सांगता येत नाही.

प्रत्येक खोलीत एक खण जसाच्या तसा ठेवला: तीन-तीन बर्थ, बाजूचे दोन, साखळ्या, चपला ठेवायची जाळी, पाण्याच्या बाटलीचं कडं. मधला बर्थ उचलून साखळीला अडकवताना जो खणखणीत ‘ठक’ आवाज येतो तो कुठल्याही नव्या फर्निचरमधून मिळणार नाही. त्याच्या बिजागऱ्या काकांनी स्वतः ग्रीस लावून बसवल्या. रेक्झिन फक्त नवं. दादाचा आग्रह होता की बर्थ तीन इंच रुंद करावेत, आराम वाढेल. झोपायला पलीकडे चांगला पलंग आहे. हा खण गप्पांसाठी आणि पोरांसाठी, तो होता तसाच राहिला पाहिजे.

फलाट चिऱ्यांचा. रेल्वेचे उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतात आणि डब्यात चढायला पायरी लागतेच. आम्ही फलाट डब्याच्या जमिनीच्या पातळीला आणला आणि बाराला एकचा उतार काढला. आजीला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला सरळ आत जाता यावं.

२२ सप्टेंबर

खिडक्या. काचेचं आणि पत्र्याच्या पट्ट्यांचं, दोन्ही शटर चालू स्थितीत आणली. खाचेतली वर्षानुवर्षांची धूळ दाभणाने काढावी लागली. पलंगाजवळच्या खिडकीचे गज काढून तिला आतून उघडणारी चौकट केली, आणि मूळची लाल आपत्कालीन खिडकी तशीच ठेवली. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दरवाज्याशिवाय दुसरी वाट हवीच. धुराचे डिटेक्टर बसले.

धोक्याची साखळी ठेवायची की काढायची यावर घरात चर्चा झाली. ओढल्यावर काहीच झालं नाही तर मुलांचा हिरमोड होणार. मग वेल्डरने तिच्या टोकाला एक स्विच जोडला. साखळी ओढली की स्वयंपाकघरात घंटा वाजते आणि वहिनी विचारायला जाते, चहा हवा का. रेल्वेचं बोधचिन्ह मात्र कुठेही ठेवलेलं नाही, ते आपलं नाही.

१२ ऑक्टोबर

पहिली रात्र घरच्यांची. एका खोलीत आत्या आणि तिची नातवंडं, दुसऱ्यात काका-काकू. दुपारी पुन्हा तापमापक लावला: बाहेर सावलीत ३३, डब्याच्या छतावर ३४, आत एसीविना ३२. ऑक्टोबरचं ऊन एप्रिलपेक्षा कमी असतं, खरी परीक्षा एप्रिलमध्येच. पण ६१ कुठे आणि ३४ कुठे.

रात्री वीज गेली, तासभर. कोणी बाहेर आलं नाही. व्हेंटिलेटर उघडे, खिडक्या वर, पोरं वरच्या बर्थवर बॅटरीच्या उजेडात पत्ते खेळत होती. सकाळी आत्याने दोन गोष्टी सांगितल्या: न्हाणीघरात टॉवेल टांगायला जागा नाही, आणि वरच्या बर्थवर चढायची शिडी तिच्या वयाला अवघड. टॉवेलची दांडी आजच लावली. शिडीला हाताची पकड जोडायचं काम वेल्डरला दिलं.

५ नोव्हेंबर

पर्यटन खात्याची नोंदणी झाली. बाहेरचे पहिले पाहुणे पुढच्या आठवड्यात, सोलापूरचं एक कुटुंब.

देखभालीचं वेळापत्रक भिंतीवर लावलं, राखणदाराला समजेल अशा शब्दांत. पावसाआधी आणि पावसानंतर सोल बारची सगळी भोकं तारेने साफ करायची. न्हाणीघरांखाली दर महिन्याला टॉर्च घेऊन बघायचं, थेंब दिसला तर त्याच दिवशी सांगायचं. मधल्या जागेतला पाला पंधरवड्याला काढायचा. आरसीसीबीचं चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबायचं. अर्थिंगचं माप दर मे महिन्यात. बोगीच्या स्प्रिंगवर आणि बफरवर वर्षाला ग्रीस, कारण ते हलत नसले तरी गंजतात.

शेजारच्या गावातले एक काजू बागायतदार येऊन सगळं बघून गेले. त्यांना स्वतःसाठी डबा घ्यायचा आहे. काकांनी त्यांना आधी छपराच्या खर्चाचा कागद दाखवला, मग हातोडी कुठे मारायची ते. पुढच्या लिलावाला आम्ही त्यांच्याबरोबर हुबळीला जातो आहोत.